हद्दपार झालेले पाळक : रॉजर विल्यम्स ह्यांचें चरित्र

अमेरिकेंतील सेलम ह्या बंदराचें नांव आमच्या मराठी मंडळ्यांस परकें वाटूं नये. ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं ह्या गांवच्या एका उपासनामंदिरांत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्या तरुणांस इतर तिघांबरोबर मिशनरी म्हणून दीक्षा देण्यांत आली, आणि पुढल्या वर्षाच्या फेब्रुवारींत ते दोघे मुंबईस उतरले. कंपनी सरकारनें त्यांस परत जाण्याचा हुकूम केला होता. पुष्कळ अर्जविनंत्या झाल्यावरच त्यांस राहूं देण्यांत आलें. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ तो हाच. परंतु ह्याच सेलम गांवांतून त्यापूर्वीं सुमारें पावणेदोनशें वर्षें एका पाळकास देशाबाहेर घालविण्यांत आलें होतें. घालविणारे लोक मूर्तिपूजक नव्हते. ते प्रभूचें नांव घेणारे, शब्बाथ पाळणारे, घरोघर पवित्र शास्त्राचें वाचन करणारे लोक होते. आणि धर्मासाठीं छळ सोसूनच ते स्वतः आपला देश सोडून तेथें आले होते. त्या पाळकांचें नांव रॉजर विल्यम्स. त्यांची हकीकत आज आम्ही सांगणार आहों.

विल्यम्स ह्यांचा जन्म इ. स. १६०३ च्या सुमारास लंडन शहरांत झाला. त्यांचे वडील जेम्स विल्यम्स हे कापड व शिंपीकामाच्या धंद्यांतील व्यापारी होते. त्यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर स्मिथफील्ड नांवाचें मैदान होतें. तेथें गुरांचा बाजार भरे, आणि पाखंडी ठरविलेल्या मनुष्यांस जिवंत जाळण्याची जागाही तीच होती. १६१२ त बार्थोलोम्यू लेगेट नांवाच्या मनुष्यास तेथें जाळण्यांत आलें. त्या वेळीं रॉजर आठनऊ वर्षांचे होते. बिशपांच्या सभेनें दोष ठरवावा आणि राजाच्या अधिकाऱ्यांनीं चिता पेटवावी, अशी त्या काळची रीत होती. लेगेटचें मत आम्हांसही चुकीचेंच वाटतें, कारण तो प्रभु येशूचें देवत्व मानीत नसे. परंतु मत चुकलें म्हणून मनुष्यास जाळावें काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि विल्यम्स ह्यांचें सारें आयुष्य त्या एका प्रश्नाचें उत्तर देण्यांत गेलें.

लहानपणींच ते लघुलिपि शिकले. इंग्लंडांतील सुप्रसिद्ध कायदेपंडित सर एडवर्ड कोक ह्यांच्या नजरेस हा हुशार मुलगा पडला, व न्यायसभेंतील भाषणें टिपून घेण्याचें काम त्यांनीं त्याजकडून करविलें. त्यांच्याच शिफारशीनें रॉजर ह्यांस १६२१ त चार्टरहाउस शाळेंत जागा मिळाली, व पुढें केंब्रिज येथें पेम्ब्रोक कॉलेजांत राहून ते १६२७ त पदवीधर झाले. नंतर एसेक्स परगण्यांत सर विल्यम मॅशम ह्यांच्या घरीं ते धर्मोपदेशक होते. तेथें असतां १६२९ च्या डिसेंबरांत मेरी बर्नार्ड नांवाच्या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. ह्या बाईंविषयीं चरित्रकार थोडेंच लिहितात. पण पुढें जें जें घडलें त्याचा निम्मा भार त्यांनींच वाहिला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्या काळीं सरकारी मंडळीच्या विधींस मान न देणाऱ्या प्युरिटन लोकांस इंग्लंडांत राहणें कठीण झालें होतें. विल्यम्स पतिपत्नी १६३० च्या डिसेंबरांत ब्रिस्टल बंदरांतून निघालीं आणि १६३१ च्या फेब्रुवारींत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं पोंचलीं. बोस्टन येथील मंडळीनें त्यांस लागलीच शिक्षकाचें मोठें पद देऊं केलें. सत्तावीसअठ्ठावीस वर्षांच्या तरुणास ह्याहून मोठा मान तो कोणता? पण त्यांनीं नकार दिला. इंग्लंडच्या सरकारी मंडळीशीं ज्यांनीं संबंध पुरता तोडला नाहीं त्यांची सेवा आपणांस करवत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. शिवाय त्यांनीं आणखी एक मत बोलून दाखविलें, आणि खरी ठिणगी तेथें पडली. देवानें मोशेस दिलेल्या आज्ञांच्या दोन पाट्या आहेत. चोरी, खून, खोटी साक्ष ह्या दुसऱ्या पाटीवरील गोष्टींबद्दल सरकारनें शिक्षा करावी, हें योग्यच. पण मूर्तिपूजा, देवनिंदा, शब्बाथभंग ह्या पहिल्या पाटीवरील गोष्टी मनुष्य व देव ह्यांच्यामधील आहेत, आणि समाजाची शांतता जोंवर मोडत नाहीं तोंवर त्यांत सरकारनें हात घालूं नये, असें तें मत होतें.

मॅसॅच्युसेट्सांत तर सर्व घडी ह्याच्या उलट बसविलेली होती. मंडळीचा जो सभासद त्यासच मत देण्याचा हक्क. पण उपासनेस न येईल त्यास दंड, मग तो सभासद असो वा नसो. पाळकांनीं सल्ला द्यावा व अधिकाऱ्यांनीं तो अमलांत आणावा. आपण नवें इस्राएल आहों, दावीद व योशिया ह्या राजांप्रमाणें आपल्या अधिकाऱ्यांनींही देवाचें घर शुद्ध राखिलें पाहिजे, असें त्यांस मनापासून वाटे. ती माणसें दुष्ट नव्हतीं. दुष्ट असतीं तर ही गोष्ट सांगण्यास सोपी गेली असती.

विल्यम्स कांहीं दिवस सेलमला, मग सुमारें दोन वर्षें प्लिमथला, व १६३३ त पुन्हां सेलमला राहिले. प्लिमथचे गव्हर्नर ब्रॅडफोर्ड ह्यांनीं त्यांजविषयीं असें लिहून ठेविलें आहे कीं, हा मनुष्य भक्तिमान् व आवेशी आहे, पण त्याच्या विचारांस स्थैर्य नाहीं. प्लिमथला असतां विल्यम्स ह्यांनीं तेथील मूळ रहिवाशांच्या झोपड्यांतून, धुरांत व अडचणींत, मुक्काम करून त्यांची भाषा शिकून घेतली. आणि त्या लोकांत वावरतां वावरतां त्यांस दुसरा एक अन्याय दिसला. इंग्लंडच्या राजानें सनद लिहून ही जमीन वसाहतवाल्यांस दिली. पण जी जमीन राजाची नव्हतीच ती त्यानें द्यावी कशी? जे पिढ्यान् पिढ्या तेथें राहात होते त्यांजपासून ती रीतसर घ्यावयास नको होती काय? हें त्यांनीं लेखी मांडिलें, तेव्हां अधिकारी फार संतापले.

येथें आम्हांस हेंही सांगितलें पाहिजे कीं, विल्यम्स स्वभावानें मोठे ताठर होते. ज्याचा नवा जन्म झाला नाहीं अशा मनुष्याबरोबर, मग ती आपली पत्नी कां असेना, प्रार्थना करूं नये, असाही आरोप त्यांजवर आला होता. आमच्या पंचकमिटींत असा पाळक बसला असता तर बैठक मध्यरात्रीपूर्वीं संपली नसती, असें आम्हांस वाटतें. परंतु त्यांच्या ह्या ताठरपणानेंही सरकारचा दंडा कधीं हातीं घेतला नाहीं, एवढें त्यांच्या बाजूनें बोललें पाहिजे.

१६३५ च्या ऑक्टोबरांत न्यायसभेनें त्यांस हद्दपारीची शिक्षा सांगितली. त्याच सुमारास त्यांस दुसरी मुलगी झाली होती. तिचें नांव त्यांनीं फ्रीबॉर्न, म्हणजे स्वतंत्र जन्मलेली, असें ठेविलें. ते आजारी होते. म्हणून गप्प राहण्याच्या अटीवर वसंतऋतूपर्यंत राहण्याची त्यांस परवानगी मिळाली. पण ते गप्प कसले बसतात! लोक त्यांच्या घरीं जमूं लागले. तेव्हां त्यांस धरून जहाजावर घालावें व इंग्लंडास परत धाडावें असें ठरलें, आणि १६३६ च्या जानेवारींत शिपाई घेऊन एक कप्तान निघाला. तो पोंचला तेव्हां विल्यम्स तीन दिवसांपूर्वींच निघून गेले होते. नॅरॅगॅन्सेट उपसागराकडे जा, अशी गुप्त सूचना त्यांस जॉन विन्थ्रॉप ह्यांनीं दिली होती. हे विन्थ्रॉप पूर्वीं त्या प्रांताचे गव्हर्नर होते व विल्यम्स ह्यांच्या मतांच्या अगदीं विरुद्ध होते. मतभेद व मैत्री एका मनांत नांदूं शकतात, ह्याचा हा एक दाखलाच होय.

मग चौदा आठवडे बर्फ, भूक व रान. पस्तीस वर्षें लोटल्यावरही त्या हिंवाळ्याचा गारठा आपल्या हाडांत आहे, असें ते लिहीत. त्यांस आश्रय कोणीं दिला? ज्यांस प्युरिटन लोक रानटी म्हणत त्यांनीं. एलीयास कावळ्यांनीं अन्न आणून दिलें त्याप्रमाणें ह्या लोकांनीं आपणांस पोसिलें, असें विल्यम्स ह्यांनीं पुढें कृतज्ञतेनें नमूद केलें आहे. त्यांची भाषा शिकण्यांत घालविलेल्या त्या धुराच्या रात्री अशा रीतीनें कामास आल्या. नॅरॅगॅन्सेट लोकांचे वृद्ध नायक कॅनॉनिकस व त्यांचे पुतणे मियँटोनोमी ह्यांनीं त्यांस नदीकांठची जमीन दिली. ती पैशानें नव्हे तर केवळ स्नेहानें मिळाली, असें विल्यम्स नेहमीं सांगत. त्या जागेचें नांव त्यांनीं प्रॉव्हिडेन्स, म्हणजे ईश्वरी तजवीज, असें ठेविलें. मागून आलेल्या सोबत्यांस त्यांनीं जमीन वांटून दिली, आणि १६३७ च्या सुमारास सर्वांनीं एका लेखावर सह्या केल्या. बहुमतानें जें ठरेल तें आम्ही मानूं, परंतु केवळ ऐहिक बाबतींत, असा त्याचा आशय होता. त्या दोनचार शब्दांत सारें आलें.

ह्या नव्या नियमाची पहिली परीक्षा एका घरांतच झाली, आणि ती गोष्ट आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगतों. विल्यम्स ह्यांच्या शेजारीं जोशुआ व्हेरिन नांवाचा मनुष्य राहात असे. त्याची बायको जेन विल्यम्स ह्यांच्या घरच्या उपासनेस जाऊं लागली. तें त्यास खपेना. त्यानें तिला मनाई केली व फार मारलें. १६३८ च्या मे महिन्यांत हें प्रकरण गांवसभेपुढें आलें. एक गृहस्थ उठून म्हणूं लागले कीं, स्त्रीनें पतीच्या आज्ञेंत राहावें ही देवाची आज्ञा आहे. नवऱ्याच्या बुद्धीस जें पटतें तें त्यानें करावें, हेंही स्वातंत्र्यच नव्हे काय? सभेनें तें ऐकून घेतलें आणि व्हेरिन ह्याचा मताधिकार काढून घेतला. कारण त्यानें दुसऱ्या एका जीवाच्या सदसद्विवेकबुद्धीस अडथळा केला होता. तो दुसरा जीव त्याची बायकोच होता, म्हणून सभेस कांहीं फरक वाटला नाहीं. पुढें व्हेरिन तिला घेऊन सेलमला परत गेला. पण आमच्या मंडळ्यांतून नवरा कारभारी म्हणून बायकोस उपासनेपासून अडविणारे बाहेरचे लोक जसे आढळतात, तसे तिला दटावून प्रभुभोजनास आणून बसविणारे आमचेही बंधु आम्हीं पाहिले आहेत. दोघांनींही ही हकीकत वाचावी.

१६३९ च्या सुमारास विल्यम्स ह्यांनीं बाप्तिस्मा नव्यानें घेतला, व इतर सुमारें दहा जणांस दिला. अमेरिकेंतील पहिली बाप्तिस्त मंडळी ती हीच. पण थोड्याच महिन्यांत ते तिजमधूनही बाहेर पडले, आणि खऱ्या प्रेषितीय मंडळीचा शोध करीत एकटेच राहिले. हें आम्हांस चांगलें वाटत नाहीं; मेंढरानें कळपावांचून राहूं नये. तथापि ज्यांस स्वतःस कोणत्याही मंडळींत स्वस्थता लाभली नाहीं त्यांनीं सर्व मंडळ्यांस स्वस्थता मिळवून दिली, ही देवाची करणी होय.

वसाहतीस कायदेशीर आधार असावा म्हणून १६४३ त ते इंग्लंडास निघाले. बोस्टनच्या बंदरांत पाय ठेवण्याची त्यांस बंदी, म्हणून त्यांस डच लोकांच्या बंदरांतून जावें लागलें. समुद्रावरील दिवसांत त्यांनीं मूळ रहिवाशांच्या भाषेचें पुस्तक लिहिलें, आणि तें त्याच वर्षीं लंडनांत छापलें गेलें. १६४४ त पार्लमेंटाच्या मंडळानें त्यांस सनद दिली. ह्याच वर्षीं त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. छळाचा रक्तलांछित सिद्धांत, असा त्याच्या नांवाचा अर्थ आहे. सत्य व शांति ह्या दोघी जणी पुष्कळ दिवसांनीं भेटून बोलत आहेत, अशी त्याची रचना आहे. ग्रंथाच्या मुळाशीं एका कैद्याचे विचार आहेत. तो लंडनच्या न्यूगेट तुरुंगांत होता. त्यास शाई मिळत नसे. म्हणून दुधाच्या बाटलीस बूच म्हणून लावलेल्या कागदावर तो दुधानेंच लिही, आणि बाहेरचे मित्र तो कागद विस्तवावर धरून वाचीत.

ह्या ग्रंथांतील युक्तिवाद आमच्या उपदेशक बंधूंस उपयोगी पडतील असे आहेत. निदणाच्या दाखल्यांत शेत म्हणजे जग, असें प्रभूनेंच सांगितलें आहे. तर कापणीच्या दिवसापूर्वीं निदण उपटावयास तलवार घेऊन धांवणारे आपण कोण? इस्राएलाचें राज्य ही येणाऱ्या गोष्टींची छाया होती, ती ख्रिस्तांत पूर्ण झाली. आतां जगाच्या पाठीवर कोणतेंही राष्ट्र देवाचें निवडलेलें राष्ट्र म्हणवून घेऊं शकत नाहीं. राजांच्या हुकुमानें धर्म चालतो म्हणावें तर इंग्लंडाकडे पाहा: आठव्या हेन्रीपासून एलिझाबेथ राणीपर्यंत थोड्याच वर्षांत सबंध देशानें अंगरखा पालटावा तसा धर्म कितीदां पालटला! नीरोनें ख्रिस्ती लोकांस छळिलें, पण मंडळीचें खरें नुकसान कॉन्स्टंटाइन बादशहाच्या मेहेरबानीनें झालें. छळांत ती जागी होती, मऊ बिछान्यावर तिला झोंप लागली. मंडळी ही बाग आहे व जग हें रान आहे. मधलें कुंपण मोडलें तर रान कांहीं बाग होत नाहीं, बागेचें मात्र रान होतें. आणखी एक दृष्टांत आम्हां हिंदी वाचकांस विशेष वाटेल. मंडळी ही शहरांतील वैद्यांच्या किंवा ईस्ट इंडिया कंपनीसारख्या व्यापाऱ्यांच्या संघासारखी आहे, असें ते म्हणतात. असा संघ आपसांत भांडला, फुटला, मोडलाही, तरी शहर जागच्या जागीं राहतें. मग मंडळींत मतभेद झाला म्हणून राज्य बुडेल ही भीति कशाला?

आणि हें स्वातंत्र्य त्यांनीं कोणासाठीं मागितलें? केवळ आपल्यासारख्यांसाठीं नव्हे. यहुदी, मुसलमान, रोमन कॅथलिक व मूर्तिपूजक ह्या सर्वांसाठीं. पार्लमेंटानें तो ग्रंथ जाहीरपणें जाळण्याचा हुकूम दिला. बोस्टनचे पाळक जॉन कॉटन ह्यांनीं त्यास १६४७ त उत्तर लिहिलें, आणि विल्यम्स ह्यांनीं १६५२ त प्रत्युत्तर दिलें.

बाप्तिस्मा देण्याच्या कामीं घाई करणाऱ्यांस त्यांचें एक मत कदाचित् रुचणार नाहीं. मूळ रहिवाशांवर त्यांचें एवढें वजन होतें कीं, मनांत आणतें तर त्यांच्या टोळ्यांच्या टोळ्या बाप्तिस्म्यास व शब्बाथ पाळण्यास सहज तयार झाल्या असत्या, असें त्यांनीं स्वतः लिहिलें आहे. पण त्यांनीं तसें केलें नाहीं. मन पालटल्यावांचून दिलेलें पाणी मनुष्यास ख्रिस्ती करीत नाहीं, असें ते म्हणत. वार्षिक अहवालांतील आंकडे भरतांना ही गोष्ट आम्हांस पुष्कळदां टोंचली आहे.

स्वातंत्र्य म्हणजे बेबंदशाही नव्हे, हेंही त्यांस आपल्याच लोकांस शिकवावें लागलें. १६५५ त प्रॉव्हिडेन्सचे कांहीं लोक म्हणूं लागले कीं, सदसद्विवेकबुद्धि मोकळी आहे तर सरकारचा हुकूम तरी कां मानावा? त्यांस विल्यम्स ह्यांनीं जहाजाचा दृष्टांत लिहून पाठविला. एका जहाजांत कॅथलिक, प्रॉटेस्टंट, यहुदी व मुसलमान बसले आहेत. जहाजावरील प्रार्थनेस कोणास ओढूं नये, व स्वतःची प्रार्थना करण्यापासून कोणास अडवूं नये. पण जहाज कोणीकडे न्यावें हें कप्तानच ठरवील. भाडें देणार नाहीं, तुफानांत मदत करणार नाहीं, बंड करीन, असें जो म्हणेल त्यास तो शिक्षा करील. आमच्या भारताच्या राज्यघटनेचें २५ वें कलम १९५० पासून अमलांत आहे. त्यांत सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य आणि सार्वजनिक सुव्यवस्थेची मर्यादा हीं दोन्ही शेजारींशेजारीं लिहिलेलीं आहेत. तें वाचतांना आम्हांस ह्या जहाजाची आठवण होते.

खरी कसोटी मात्र क्वेकर लोक आले तेव्हां लागली. विल्यम्स ह्यांस त्यांचीं मतें मुळींच मान्य नव्हतीं. पवित्र शास्त्राहून अंतरींच्या प्रकाशास ते अधिक मान देतात, हें त्यांस फार घातक वाटे. शेजारच्या प्रांतांनीं १६५७ त निरोप पाठविला कीं, ह्या लोकांस तुम्हीं हांकून द्यावें. ऱ्होड आयलंड वसाहतीनें नकार कळविला, आणि असेंही लिहिलें कीं, ज्या ठिकाणीं ह्यांस मोकळेपणीं बोलूं देतात त्या ठिकाणीं राहण्याची ह्यांस फारशी हौस दिसत नाहीं. इकडे बोस्टनांत १६५९ ते १६६१ ह्या काळांत चार क्वेकरांस फांशीं देण्यांत आलें. त्यांत मेरी डायर ही एक स्त्री होती. विल्यम्स ह्यांनीं काय केलें? १६७२ त, वय सुमारें एकोणसत्तर, ते होडींत बसून दिवसभर स्वतः वल्हें मारीत सुमारें तीस मैलांवरील न्यूपोर्टला गेले, आणि तीन दिवस भरसभेंत क्वेकरांशीं वाद केला. चौथा दिवस प्रॉव्हिडेन्सला झाला. पुढें त्यांच्या विरुद्ध एक कडक पुस्तकही लिहिलें. वाद, उपदेश, पुस्तक, एवढींच त्यांचीं हत्यारें.

ह्यापूर्वीं १६६३ त जॉन क्लार्क ह्यांच्या खटपटीनें दुसऱ्या चार्ल्स राजाकडून नवी सनद मिळाली होती. शांतता न मोडणाऱ्या कोणाही मनुष्यास धर्मविषयक मतभेदामुळें त्रास देऊं नये, असें तींत स्पष्ट घातलें होतें.

त्यांचे दोष आम्ही झांकीत नाहीं. १६३७ च्या पेकॉट युद्धांत धरलेल्या कैद्यांपैकीं एक मुलगा त्यांनीं आपल्या घरीं चाकरीस मागून घेतला. पुढें १६७५ त मूळ रहिवासी व इंग्रज ह्यांजमध्यें मोठें युद्ध पेटलें. १६७६ च्या मार्चांत प्रॉव्हिडेन्स जळालें, आणि सत्तरी उलटलेल्या विल्यम्स ह्यांचें घरही त्यांत गेलें. त्यानंतर कैद झालेल्या मूळ रहिवाशांस ठराविक वर्षांच्या चाकरीसाठीं विकण्यांत आलें, आणि ती व्यवस्था ठरविणाऱ्या कमिटींत विल्यम्स हे होते. ज्यांनीं बर्फांत ह्या मनुष्यास जगविलें त्यांच्याच भाऊबंदांविषयींचा तो ठराव! हें लिहितांना आमची लेखणी अडखळते.

दुसऱ्यांदां इंग्लंडास जाण्याकरितां त्यांनीं १६५१ त आपली व्यापाराची वखार विकली होती. म्हातारपणीं हातीं कांहीं उरलें नाहीं. १६८३ च्या आरंभीं ते प्रभूकडे गेले, व स्वतःच्याच जमिनींत त्यांस पुरण्यांत आलें. १८६० त ती जागा खणिली, तेव्हां शेजारच्या सफरचंदाच्या झाडाचें एक लांब मूळ मात्र तेथें सांपडलें. तें प्रॉव्हिडेन्सला जपून ठेविलें आहे. अमेरिकेच्या घटनेंत धर्मस्वातंत्र्याचें कलम १७९१ त आलें. मॅसॅच्युसेट्सांत मंडळीसाठीं कर वसूल करण्याची पद्धत त्यानंतरही चालली व १८३३ त बंद झाली, म्हणजे हॉल व नॉट मुंबईस येऊन वीस वर्षें झाल्यावर. आणि रॉजर विल्यम्स ह्यांच्या हद्दपारीचा हुकूम त्या प्रांताच्या कायदेमंडळानें १९३६ त रद्द केला.